नळकोंडाळ्यापासून वर

"सर, तुम्हाला एकच शब्द बोलायचाय," सावळे वकील म्हणाले. "अशक्य. पुढचं सगळं मी बघतो."

सोनकुंड नगरपालिकेच्या व्हरांड्यात आम्ही उभे होतो. आत सभागृहात खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. बिवलकर सरांनी बशीतला चहा फुंकून प्यायला, बशी कपाखाली ठेवली आणि म्हणाले, "तो शब्द मी वापरत नाही."

"म्हणजे?"

"एखादी गोष्ट किती कमी शक्य आहे ते मी सांगू शकतो. ती होणारच नाही, हे कसं सांगणार?"

सावळे माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत. आमच्या संशोधनाच्या गटात कुणी फळ्यावर 'अशक्य' असं लिहिलं, तर सर काही न बोलता डस्टर घ्यायचे, तेवढाच शब्द पुसायचे आणि त्या जागी 'किती?' असं लिहायचे. गेली चार वर्षं मी ते पाहत आले होते.

"सर, फार बारीक नका जाऊ," सावळे म्हणाले. "तिथं टंकलेखक मिनिटाला तीस शब्द मारतो. त्याला झेपेल एवढंच बोला."

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सरांकडे पीएच.डी. करत होते. आमचं सगळं काम कागदावरचं. पाण्यात जिवाणू कसा पोहतो, हा विषय. माणूस पाण्यात हात मारायचा थांबला तरी थोडा पुढे जातो. जिवाणूचं तसं नसतं. त्याच्या आकाराला पाणी काकवीसारखं घट्ट लागतं, शेपटी फिरायची थांबली की तो जागच्या जागी थांबतो. आम्ही दोघांनी मिळून एक निबंध लिहिला होता. वाहत्या पाण्यात नळीच्या भिंतीला चिकटून चाललेला जिवाणू वाऱ्यातल्या पताकेसारखा वळतो, शेपटी प्रवाहाबरोबर मागे जाते, तोंड प्रवाहाकडे होतं, आणि मग तो पाण्याच्या उलट दिशेने चढत राहतो. एवढंच त्यात होतं. जगात तो निबंध शंभरेक माणसांनी वाचला असेल. त्यांपैकी एक सोनकुंडच्या पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराचा वकील असेल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सोनकुंडच्या कुंभार आळीत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि चार मुलं गेली. आळीत येणारी पाण्याची पाइपलाइन वरच्या अंगाला गटाराच्या नाल्यातून जाते. तिथला सांधा गळतोय, अशी तक्रार लोक कधीपासून करत होते. मुलं दगावल्यावर ठेकेदाराने घाईघाईने तो सांधा काढून नवा बसवला. जुना तुकडा कुठे गेला, ते कुणालाच सांगता येईना. मग चौकशी बसली, तेव्हा ठेकेदार म्हणाला, सांधा ठणठणीत होता. घाण शिरली ती आळीच्या खालच्या टोकाच्या नळकोंडाळ्यावरून. तिथली तोटी तुटलेली, पाइपाचं तोंड डबक्यात. डबक्यातले जंतू पाइपात शिरले आणि पोहत पोहत वरच्या घरांपर्यंत गेले. यात माणसाचा दोष नाही, हा निसर्ग आहे, आणि हा घ्या शास्त्रज्ञांचा निबंध.

सावळे आळीच्या लोकांचे वकील. त्यांचा हिशोब सरळ होता. निबंध लिहिणाऱ्यालाच आणून उभं करायचं. त्याने म्हणायचं, ही वाट बंद. मग उरतो तो नाल्यातला सांधा.

चौकशीला निवृत्त न्यायाधीश इनामदार होते. सभागृहात मागच्या बाकांवर आळीतली माणसं बसली होती. बायका एका बाजूला. सरांनी शपथ घेतली आणि खुर्चीत बसता बसता विचारलं, "फळा मिळेल का?"

"फळा नाही," इनामदार म्हणाले. "तोंडी सांगा."

सावळ्यांच्या प्रश्नांना सरांनी छान उत्तरं दिली. काकवीची उपमा दिली तेव्हा बायकासुद्धा कान देऊन ऐकत होत्या. जिवाणू भिंतीलगत तासाला फार तर दोन-तीन बोटं चढतो, नळकोंडाळ्यापासून वरच्या घरांपर्यंत तीनशे मीटर आहेत, पाइपात पाणी जोरात येतं, पाण्यात औषध असतं, हे सगळं त्यांनी ओळीने सांगितलं.

"म्हणजे थोडक्यात," सावळे म्हणाले, "हे अशक्य."

"अत्यंत असंभाव्य."

टंकलेखकाने हात थांबवला आणि वर पाहिलं. सावळ्यांनी पुन्हा विचारलं, "सर, साध्या मराठीत."

"जवळजवळ शून्य."

सावळे खाली बसले. बसताना त्यांनी डोळे मिटले, ते मला दिसलं.

ठेकेदाराचे वकील पाटसकर उठले. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे. "सर, माझा मुलगा सायन्सला आहे, मी नाही. तेव्हा जरा सांभाळून घ्या. जवळजवळ शून्य आणि शून्य, यांत फरक असतो का?"

"असतो."

"थोडा की फार?"

"गणिताच्या दृष्टीने फार."

"फार," पाटसकरांनी टंकलेखकाकडे बघून म्हटलं. मागे कुणीतरी हसलं. "'भिंतीलगतचा जिवाणू प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जातो.' हे वाक्य तुमचं?"

"हो, पण ते केसाएवढ्या काचेच्या नळीत, संथ—"

"वाक्य तुमचं ना?"

"माझं."

"आता संथ म्हणालात म्हणून विचारतो. सोनकुंडला पाणी दिवसाआड येतं. मधल्या वेळात पाइपात पाणी उभं असतं. तेव्हा तुमच्या जंतूला वाहून कोण नेणार?"

 सरांच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली. सेमिनारमध्ये कुणी चांगला प्रश्न विचारला की यायची तीच. समोर कोण आहे, हे ते विसरले होते.

"हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे," ते म्हणाले.

सावळ्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

उत्तर मला माहीत होतं. ते गणित मीच केलं होतं. पाणी उभं असलं की जिवाणूला दिशा देणारं काही उरत नाही. तो भरकटतो, जागच्या जागी गिरक्या घेतो, वर असा जात नाही. पाणी वाहतं तेव्हा पाणी त्याला नेतं, पाणी थांबतं तेव्हा त्याला वाट सापडत नाही. मी ते एका कागदावर तीन ओळींत लिहिलं आणि पट्टेवाल्याला खुणावलं. तो वाकून हळूच म्हणाला, "साक्षीदाराला चिठ्ठी देता येत नाही, बाई." मी कागद मुठीत धरून बसले.

पाटसकरांनी एक मोठा केलेला फोटो सरांसमोर धरला. "हे खालचं नळकोंडाळं. हे डबकं. या दगडावर काय चाललंय?"

"कुणीतरी कपडे धुतंय."

"कसले कपडे दिसतात?"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळ घेतला. विचारलं ते नीट पाहून सांगायचं, ही त्यांची सवय. "लहान बाळाची दुपटी असावीत."

"बाळाची दुपटी. आणि ते पाणी या डबक्यात." पाटसकरांनी फोटो उलटा ठेवला. "शेवटचा प्रश्न. या डबक्यातला एकही जंतू वरच्या घरापर्यंत पोचला नाही, असं तुम्ही शपथेवर सांगू शकता?"

 सरांनी खुर्चीच्या हातावर बोटाने काहीतरी लिहिलं, खोडलं.

"शपथेवर नाही सांगू शकत."

इनामदारांनी टंकलेखकाला सांगितलं, "नळकोंडाळ्याच्या बाजूने जंतूंचा शिरकाव होणे शक्य आहे, असे साक्षीदार मान्य करतात."

"साहेब," सर अर्धवट उठले, "किती शक्य, तेही लिहायला हवं. नाहीतर वाक्याला अर्थ नाही."

"सांगा आकडा."

"एक भागिले दहाचा सव्विसावा घात, साधारण. याच्या आसपास."

टंकलेखकाने इनामदारांकडे पाहिलं. इनामदारांनी घड्याळाकडे पाहिलं. "अल्प प्रमाणात, असं घाला," ते म्हणाले.

बाहेर आवारात टँकर उभा होता. त्याच्या सावलीत सर उभे राहिले आणि मी मुठीतला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हे सुचायला हवं होतं." मग थोड्या वेळाने, "तरी शून्य नाही येत, वृंदा. तू किती धरलंस?"

मी काही बोलायच्या आत दोन बायका समोर आल्या. एकीच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं. तिचं नाव सुगंधा लोणकर. तिची सहा वर्षांची दीपाली साथीत गेली होती. दुसरी अलका, तिच्या वरच्या अंगाला राहणारी. तिचा मुलगा दीपालीच्याच वर्गात होता, आणि तोही गेला होता.

"सर, त्या फोटोतला दगड माझ्या दारातला हाय," सुगंधा म्हणाली.

"बरं."

"दुपटी ह्याची. मीच धुते तिथं. सगळ्याच धुत्यात, पण ती माझी होती."

"चल गं," अलका तिच्या दंडाला धरून म्हणाली. "वकील हाय तो. ज्याचं खातंय, त्याचं गातंय."

"वकील नाही बोलला. सर बोलले." तिने बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला त्यातलं काय कळलं नाही. एवढंच सांगा. माझ्या दगडावरनं ते अलकाच्या घरात गेलं असंल का?"

"अहो, नाही. म्हणजे, त्याची शक्यता इतकी कमी आहे, की समजा सगळ्या जगातले—"

"पण हाय."

सर तिच्याकडे पाहत राहिले. या बाईला काय पाहिजे ते त्यांना कळलं होतं, याची मला खात्री आहे. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"आहे," ते म्हणाले.

अलकाने सुगंधाच्या दंडावरचा हात काढून घेतला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

दिवाळीनंतर सावळ्यांचा विभागात फोन आला. अहवाल आला होता. शिरकावाचे नेमके ठिकाण निश्चित करता येत नाही. ठेकेदाराकडे काम तसंच राहिलं. "तुमचा दोष नाही, सर," सावळे म्हणाले. त्यांचा आवाज फोनबाहेर मला ऐकू येत होता. "पण आळीत काय झालंय ते सांगतो. लोकांनी अहवाल वाचलेला नाही, त्यांनी तुमचं वाक्य धरलंय. त्या सुगंधाशी कुणी बोलत नाही. तिच्या हंड्याला हंडा लावत नाहीत. अलका तर दारावरून जाताना मान फिरवते. आणि ती स्वतः काही उलट बोलत नाही, हे जास्त वाईट. धुणं घेऊन पार स्मशानापलीकडच्या ओढ्याला जाते."

सरांनी फोन ठेवला आणि ते खिडकीशी गेले.

"आकडा सांगून कळत नाही," ते म्हणाले. "मीच चुकलो. दहाचा सव्विसावा घात तिला कसा कळणार? तिला दाखवलं पाहिजे. किती हळू जातात ते डोळ्यांनी दिसलं, की तिचं तिलाच कळेल."

जीवशास्त्राच्या एका मैत्रिणीकडून मी सूक्ष्मदर्शक मागून आणला. तिने काचेची बारीक नळी, हळूहळू पाणी ढकलणारी सिरिंज आणि कुणालाही न बाधणारे जिवाणू दिले, लावायचं कसं ते माझ्याकडून दोनदा करून घेतलं. एसटीत सर सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "काका, हार्मोनियम का?" सर म्हणाले, "नाही, पण त्याच जातीचं नाजूक आहे." त्या प्रवासात ते मोकळे होते. मला समजावून सांगत होते, की अंतराचं भान माणसाला डोळ्यांनीच येतं, आणि आपण सैद्धांतिक लोक हेच विसरतो.

सुगंधाचं घर म्हणजे पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. कोपऱ्यात शिलाईचं मशीन. तिने त्याच्यावरचे कपडे उचलले आणि आम्ही सूक्ष्मदर्शक त्या टेबलावर ठेवला. ती आम्हाला पाहून चिडली नाही, आनंदलीही नाही. दवाखान्यात नंबर आल्यावर माणूस उठतं, तशी ती स्टुलावर येऊन बसली. बाळ गोधडीवर होतं.

मी नळी लावली, दिवा लावला, भिंतीची कड स्पष्ट करून दिली.

"एक डोळा मिटा," सर म्हणाले. "ती काळी रेघ म्हणजे नळीची भिंत. पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय. रेघेलगत बारीक काड्या दिसतायत?"

"दिसत्यात. लई हायत."

"तेच ते. आता घाई नका करू. निवांत बघा, ते किती हळू जातात."

ती बघत राहिली. सर तिच्या मागे हात बांधून उभे होते. मला ते अजून तसेच दिसतात, निकालाची खात्री असलेल्या मुलासारखे.

"हळू कुठं, सर," ती म्हणाली. "पळत्यात की."

सरांनी तिला हाताने किंचित बाजूला करून भिंगाला डोळा लावला. त्या वेगावर त्यांनी आयुष्यातली वीस वर्षं घालवली होती, कागदावर. भिंगातून तो पाहायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. ते वाकलेलेच राहिले. मग मी पाहिलं. रेघेला धरून शेकडो काड्या पाण्याच्या उलट सुसाट चालल्या होत्या. एक दिसेनाशी व्हायच्या आत दुसरी. मैत्रिणीकडे मी दोनदा हे पाहिलं होतं, पण तेव्हा मी नळी नीट लागली का, एवढंच पाहत होते.

"हे चारशेपट मोठं दिसतंय," सर सरळ होत म्हणाले. "म्हणजे वेगही चारशेपट वाटतो. तुम्हाला मैलभर गेल्यासारखा दिसला ना, तो खरं म्हणजे केसाच्या जाडीइतका सरकला. मी सांगतो तुम्हाला. एक तास गेला, तरी इथून फक्त इथपर्यंत." त्यांनी मशीनच्या फळीवर दोन बोटं आडवी ठेवली. "फक्त एवढं."

सुगंधाने त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि मान हलवली. डॉक्टर बोलत असतो तेव्हा आपण हलवतो तशी.

"चढत्यात मात्र," ती म्हणाली.

"चढतात. पण सुगंधाबाई, तीनशे मीटर म्हणजे—"

"बंद करू नका."

तिने बाळ उचललं, माझ्या मांडीवर दिलं आणि चप्पल न घालता बाहेर गेली. सर माझ्याकडे पाहू लागले. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला सुरुवात केली.

ती परत आली, ती अलकाला मनगटाला धरून. अलकाच्या हाताला पीठ लागलेलं होतं. ती उंबऱ्याशी अडली. या घरात ती किती दिवसांनी येत होती, ते मला माहीत नव्हतं, पण दोघींच्या उभं राहण्यावरून ते कळत होतं.

"बस हितं," सुगंधा म्हणाली. "एक डोळा मीट. मी बोलले असते, तर तुला खरं वाटलं नसतं. बघ तूच. असे वर जात्यात. माझ्या दगडावरनं तुझ्या दारापतूर असेच आले."

"अहो, तसं नाही," सर पुढे झाले. "मी हे त्याच्यासाठी नाही आणलं." दोघींपैकी कुणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अलका स्टुलावर बसली. पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून तिने डोळा लावला. बाळ रडतच होतं. सुगंधा तिच्या पाठीशी भिंतीला टेकून उभी होती. ती अलकाच्या पाठीकडे पाहत होती, आणि काय व्हायचं ते एकदाचं होऊ दे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

अलका पुष्कळ वेळ बघत होती. मध्ये एकदा तिने श्वास रोखून धरल्यासारखं मला वाटलं. मग तिने मान वर केली.

"मला काय दिसत नाही," ती म्हणाली.

"नीट बघ. रेघेच्या कडंनं."

"बघितलं की. नुसतं पांढरं हाय."

"अगं, पळत्यात त्याच्यात. आत्ता मी बघितलं."

"तुला दिसलं असंल. मला नाही दिसलं." अलका उठली.

सुगंधा माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही बघा. हायत का नाही ते सांगा हिला."

बाळाला सावरत मी वाकले आणि डोळा लावला. दिवा चालू होता. भिंतीची कड जराही हलली नव्हती. रेघेलगत ते सगळे तसेच, एकामागून एक, पाण्याच्या उलट वर चालले होते.

सर माझ्या मागेच उभे होते.  डोळा काढला की मला उत्तर द्यावं लागणार होतं, म्हणून मी तशीच वाकून राहिले.

"कधीचं रडतंय ते," अलकाचा आवाज आला, आणि माझ्या हातातलं बाळ कुणीतरी उचलून घेतलं.